वळ कुणाच्या पाठीवर?

(अंबाजोगाईतल्या एका व्याख्यानमालेत निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दरूप)

अध्यक्ष महोदय, आणि थंडीत शाली पांघरून इथवर आलेल्या तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

‘जनावरांना आत्मा असतो का’ हा विषय मी स्वतः मागून घेतला. तेव्हा संयोजक म्हणाले, साहेब, तुमची नोकरी सगळी सुई-औषधात गेली, हा विषय कीर्तनकाराचा नाही का? असेलही. पण मला हा प्रश्न पोथीत भेटला नाही, गोठ्यात भेटला. तिथूनच सुरुवात करतो.

25 वर्षं तरी झाली असतील. कंधार तालुक्यातलं एक खेडं. लाल कंधारी बैलांची जोडी होती एका काकांकडं, राघ्या आणि माणक्या. पावसानं ओढ दिलेली, ज्वारी सुकत चाललेली, आणि माणक्या दावं सोडवून रात्री शेतात शिरला. सुकत्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी पोचलो तेव्हा तो आडवा पडलेला होता. शिरेतून औषध दिलं, पण वेळ निघून गेली होती. माझ्यादेखत गेला तो. मी पेटी आवरायला लागलो. काका त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “साहेब, याचं दहावं घालावं म्हंतो. कावळा शिवंल का?”

मी म्हणालो, “काका, जनावराचं कुठं दहावं असतं का?”

ते काहीच बोलले नाहीत. डोईचा पटका सोडला, त्याचा शेव माणक्याच्या डोळ्यांवरून ओढून घेतला. मी गाडीला किक मारली आणि निघालो. पाच-सहा किलोमीटर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण उत्तर दिलं खरं, पण कशाच्या आधारावर? कॉलेजात मला बैलाच्या पोटाचे चार कप्पे शिकवले होते. कावळा कुणाच्या पिंडाला शिवतो आणि कुणाच्या नाही, यातलं मला काय कळत होतं? तरी किती झटकन बोलून गेलो मी. ते उत्तर आजही सलतं. त्या दिवसापासून मी वाचायला लागलो, लोकांना विचारायला लागलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी शब्दांकडं बघा. ‘आत्मा’ हा शब्द आपण देवळात वापरतो. गोठ्यात आपला शब्द ‘जीव’. गाय ‘मुका जीव’. वासरू चारा खाईना तर आपला ‘जीव तुटतो’. धनी गेला आणि बैलानं वैरणीला तोंड लावलं नाही, की म्हणतो, त्यानं ‘जिवाला लावून घेतलं’. माणसासाठी एक शब्द आणि जनावरासाठी दुसरा अशी वाटणी मराठीनं केली नाही. प्राणी म्हणजे प्राण असलेला, त्यात आपणही आलो. ‘जनावर’ हा शब्द फारसीकडून आला, जानवर, म्हणजे जान असलेला. निजामाच्या राज्यात सव्वादोनशे वर्षं काढलेल्या आपल्या मुलखात ‘जान’ म्हणजे काय हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. लॅटिनमध्ये ‘ॲनिमा’ म्हणजे प्राण, आत्मा. ‘ॲनिमल’ त्यातूनच निघाला. आणि आपला ‘पशू’? परळीचे वैजनाथ, औंढ्याचे नागनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, शिवाची ही तीन ज्योतिर्लिंगं आपल्या अंगणात आहेत. त्या शैव परंपरेत पशू म्हणजे पाशानं बांधलेला जीव. तिथं माणूससुद्धा पशूच असतो, आणि सगळ्या बांधलेल्यांचा धनी तो पशुपती. दाव्याला बांधलेला बैल आणि संसाराला बांधलेला शेतकरी एकाच शब्दात बसवलेत बघा.

म्हणजे भाषेनं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे. मग आपलं घोडं अडतं कुठं? ते बघायला पैठणला जावं लागेल.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. आपेगावची ती चार भावंडं, आईबाप गमावलेली, शुद्धिपत्र मागायला पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं उभी. नावावरून बोलणं निघालं. कुणीतरी पखाल वाहून नेणाऱ्या रेड्याकडं बोट दाखवलं, नावात काय आहे, त्या रेड्याचं नावसुद्धा ज्ञानाच आहे! ज्ञानदेव म्हणाले, त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. पुढं काय झालं? कुणालाही विचारा, लगेच सांगेल, रेड्यानं वेद म्हटले. चित्रात तेच, कॅलेंडरवर तेच, शाळेच्या गॅदरिंगमध्येही तेच.

पण कथा नीट ऐका. वेदांच्या आधी एक गोष्ट घडते. भेद नाही म्हणतोस काय, असं म्हणून रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले जातात, आणि वळ उठतात ज्ञानदेवांच्या पाठीवर.

मला वाटतं, या कथेतला खरा चमत्कार तो आहे. वेद म्हणवून घेणं हा पैठणच्या विद्वानांसाठी पुरावा होता. त्यांच्या सभेत जो बोलू शकतो त्यालाच मान, म्हणून रेड्याला बोलावं लागलं, तेही त्यांच्याच भाषेत. ज्ञानदेवांना त्या पुराव्याची गरज नव्हती. त्यांना तो आसूड लागला होता. आपण सातशे वर्षं बोलणारा रेडा लक्षात ठेवला आणि वळ विसरलो. जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, लोक तिथं माथा टेकतात. चांगलंच आहे. पण तिथून परत येताना बैलाच्या ढुंगणावर आर टोचणारा माणूसही मी बघितलेला आहे. त्याला कथेतला वेद ऐकू आला होता, वळ दिसले नव्हते.

ज्ञानदेवांनी पुढं नेवाशाला 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली. गीतेच्या पाचव्या अध्यायात श्लोक आहे, विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि चांडाळ यांच्याकडं ज्ञानी माणूस सारख्याच नजरेनं बघतो. त्यावर ज्ञानदेवांनी हत्तीच्या शेजारी डास आणून बसवला! हा डास, हा हत्ती, असा भेद मग उरतोच कुठं, असं ते विचारतात. गाईत देव बघणं आपल्याला जमतं हो. अंगावर बसलेल्या डासाचा विचार करायला लावणारा गुरू अवघड असतो. आणि शेवटी पसायदानात ते मागतात कुणासाठी? ‘प्राणिजात’. मनुष्यजात नाही म्हणाले. रोज म्हणतो आपण शाळेच्या परिपाठात.

आपल्या मराठवाड्याच्या मातीतल्या संतांची ही तऱ्हाच आहे. जनावराला आत्मा आहे का, असा वाद घालत ते बसले नाहीत. हिंगोलीजवळच्या नरसीचे नामदेव. कुत्र्यानं भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. पैठणचे एकनाथ. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं, सगळं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. अशीच एक कथा मुसलमान बांधवांच्या हदीसमध्येही आहे. तहानेनं व्याकूळ झालेला कुत्रा ओली माती चाटत होता. एक माणूस विहिरीत उतरला, पायातल्या जोड्यात पाणी भरून आणलं, त्याला पाजलं, आणि अल्लानं त्याला क्षमा केली. कुराणात तर म्हटलंय, जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हे तुमच्यासारखेच समुदाय आहेत. चक्रधरस्वामींकडं शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा आला आणि त्यांच्या गुडघ्याखाली शिरला. शिकारी मागायला लागले. स्वामींनी दिला नाही. तो शरण आला होता. शरण जायला काय लागतं, मंडळी? भीती लागते, आणि इथं आपल्याला मारणार नाहीत, हे ओळखणारं काहीतरी आत असावं लागतं. त्याला काय नाव द्यायचं ते द्या.

आता थोडं वेरूळ-अजिंठ्याकडं जाऊ. मी तिथं सुट्टीत नातवंडांना घेऊन जातो आणि दर वेळी थक्क होतो. वेरूळच्या 30 ते 34 क्रमांकाच्या लेणी जैनांच्या. जैन दर्शन सांगतं, जीव सगळ्यांत आहे. मुंगीत आहे, झाडात आहे, पाण्यात आणि मातीतसुद्धा आहे. फक्त कुणाला एक इंद्रिय, कुणाला दोन, असं करत पाचापर्यंत. तिथून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. तिथले बौद्ध भिक्खू काय म्हणतात? आत्मा म्हणून कायमची वस्तू कुणातच नाही. जनावरात नाही, माणसातही नाही! एकाच जिल्ह्यात, एकाच काळ्या दगडात ही दोन उत्तरं कोरलेली. एक म्हणतो सगळ्यांना आहे, दुसरा म्हणतो कुणालाच नाही.

आणि तरी त्या ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या भिंतीवर काय रंगवलंय ते बघा. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात, पाचव्या शतकातलं काम, एक पांढरा हत्ती आहे. त्याची आई आंधळी. तो तिला चारा आणून घालायचा. राजाच्या माणसांनी त्याला पकडून गजशाळेत बांधला, पुढं चांगलाचुंगला चारा ठेवला. तो तोंड लावीना. राजानं कारण विचारलं तेव्हा कळलं, आई उपाशी असताना मी खाऊ कसा? राजानं सोडून दिला. शेवटी हत्ती आईजवळ पोचतो. आपण मघाशी ‘जिवाला लावून घेणं’ म्हणालो ना, तेच आहे ते, दीड हजार वर्षांपूर्वीच्या रंगात.

मला यातून एक गोष्ट कळली, आणि आज तीच सांगायला मी उभा आहे. आत्मा आहे की नाही या उत्तरावर दया अवलंबून नसते. ‘नाही’ म्हणूनही माणूस कनवाळू होऊ शकतो, आणि ‘आहे’ म्हणूनही निर्दय. अवलंबून असतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. ‘त्याला कळतं’ हे तुम्ही मानता का?

युरोपात हा प्रश्न फार झडला. ॲरिस्टॉटलनं आत्म्याचे तीन थर सांगितले. झाडाला वाढीचा, जनावराला संवेदनेचा, माणसाला वर विचाराचा. बरंच सरळ होतं ते. मग देकार्त नावाचा मोठा तत्त्वज्ञ झाला. 1637 साली छापलेल्या ग्रंथात त्यानं जनावर म्हणजे यंत्र असं मांडलं. चाकं, दोऱ्या, घड्याळासारखं. त्याचा विचार पुढं रेटणाऱ्यांनी जिवंत कुत्री चिरली आणि किंकाळीला यंत्राची करकर म्हटलं. 1789 साली बेंथम नावाच्या इंग्रज विचारवंतानं मात्र नेमक्या जागी बोट ठेवलं. ते विचार करतात का, बोलतात का, हा प्रश्नच नाही; त्यांना यातना होतात का, हा प्रश्न आहे, असं त्यानं लिहिलं. आणि 7 जुलै 2012 ला केंब्रिजमध्ये मेंदूशास्त्रज्ञांनी सही करून जाहीर केलं, की सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारखे काही जीव यांच्याकडं जाणीव निर्माण करणारी मेंदूतली यंत्रणा आहे. आमच्या कंधारच्या काकांना हे कळायला 2012 ची वाट बघावी लागली नव्हती. पण शास्त्राला नावं ठेवायला मी उभा नाही. शास्त्रानं निदान आपला शब्द मागं घेतला.

बोलता न येणाऱ्याचं काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो, अंगावर काटा येतो. 1980 च्या दशकापर्यंत प्रगत देशांतल्या मोठमोठ्या दवाखान्यांत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया पुष्कळदा नावापुरत्या भुलीवर व्हायच्या. माणसाच्या बाळांच्या! समजूत अशी, की एवढ्या लहान जिवाला दुखणं कळत नाही. तेही मुकेच ना. म्हणून मी म्हणतो, ‘मुकं’ हा शब्द जपून वापरा. मुकं आहे याचा अर्थ आपल्याला ऐकू येत नाही एवढाच.

आता माझं स्वतःचं. हे बोलायला मला जड जातं, पण याशिवाय आजचं बोलणं खोटं ठरेल.

गोऱ्हा औताला लावायच्या आधी खच्ची करतात. पूर्वी आपल्याकडं बडवायचे, ज्यांनी बघितलंय त्यांना त्या आवाजाची आठवण असेल. मग बर्डिझोचा चिमटा आला. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, आतली नस दाबली जाते आणि काम होतं. बडवण्यापुढं हा चिमटा दयेचाच होता. आम्ही शिबिरं घ्यायचो. एका सकाळी पंधरा-वीस गोऱ्हे. चार माणसं पाडून धरायची, मी चिमटा लावायचा, मनात आकडे मोजायचे, सोडायचा, दुसरी बाजू. भुलीची बाटली माझ्या पेटीत असायची. मी ती वापरत नव्हतो. वेळ जायचा, बाटली संपायची, आणि कुणीच वापरत नव्हतं. गोऱ्हा ओरडत नाही फारसा. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागतं, नाकपुड्या फुगतात, आणि सगळं अंग एकदा ताठ होतं. बस. मी त्या डोळ्यांकडं बघायचं नाही अशी सवय लावून घेतली होती. हात बरोबर चालायचा.

एका गावात पाच-सहा महिन्यांनी लसीकरणाला गेलो. घटसर्पाची लस, साधी सुई. गाडी गल्लीत शिरली आणि आवाज ऐकूनच एका वाड्यातल्या तांबड्या गोऱ्ह्यानं दावं तोडलं. मालक म्हणाला, “साहेब, तुमचीच फटफटी वळखली त्यानं. दुसऱ्या कुन्या गाडीला असं करत नाही बगा.” मी बाहेरच्या बाहेर गाडी उभी केली. त्याच्या लक्षात होतं. महिने गेले तरी लक्षात होतं. त्याला आत्मा आहे का, ते मला सांगता आलं नसतं. पण आत कुणीतरी होतं, आणि ते मला ओळखत होतं.

त्यानंतर मी भूल दिल्याशिवाय चिमटा लावला नाही. आधीच्या शेकड्यांचं काय, याला माझ्याकडं उत्तर नाही.

आणखी एक दृश्य. म्हशीचं पारडू मेलं तर ती पान्हा चोरते. मग लोक पारडाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढं ठेवतात. ती हुंगते, चाटते, आणि दूध सोडते. लोक म्हणतात, बघा, फसली, अक्कल नाही. परभणीकडं एका घरी मी असं बघितलं, ती म्हैस चाटत होती तिथली केसं पार झिजून गेली होती. कोरडं कातडं. दहा मिनिटं चाटत राहिली. फसली म्हणणाऱ्यांना मी विचारतो, आपण भिंतीवरच्या फोटोला हार घालतो, सणाला त्याच्यापुढं ताट ठेवतो, ते काय फसून ठेवतो? पान्हा फुटताना म्हशीच्या रक्तात जो स्राव उतरतो त्याचं नाव ऑक्सिटोसिन. बाळाला छातीशी घेतलेल्या बाईच्या रक्तात उतरतो तोही तोच. नाव एक, काम एक. आणि आपल्यातलेच काही लोक तेच इंजेक्शन टोचून तिच्याकडून रोजचं दूध काढून घेतात, पारडाची भानगडच नको म्हणून.

आता ‘आत्मा आहे’ म्हणणाऱ्यांकडं येतो, म्हणजे आपल्याकडं. देकार्तनं ‘नाही’ म्हणून निर्दयतेचं दार उघडलं. आपल्याकडं ‘आहे’ म्हणूनही एक दार उघडतं. त्याचं नाव भोग.

एका गावाबाहेर वीटभट्टी होती. गाढवाच्या पाठीला ओझ्यानं घासून घासून हाताच्या पंजाएवढी जखम झाली होती, माश्या बसलेल्या. गाढवाचा मालक गरीब माणूस. त्यानंच मला बोलावलं होतं. स्वतः त्या जखमेत हळद आणि तेल भरत होता, चार दिवस त्या गाढवाला कामाला लावलं नव्हतं, म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडवली होती. तेवढ्यात रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ थांबले, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. बघितलं आणि मला म्हणाले, “कशाला येवढी मेहनत, डॉक्टर? मागच्या जन्मीचं असतं. त्याचं त्याला भोगू द्या.”

त्या गृहस्थांचा आत्म्यावर पूर्ण विश्वास होता, शंकाच नाही. हे गाढव एकेकाळी माणूस असेल आणि पुढं पुन्हा होईल हे ते मानत होते. नाथांनी मात्र गाढवाच्या तोंडात कावड ओतताना त्याचा मागचा जन्म विचारला नव्हता. त्या दोघांत नाथांच्या घराण्यातला कोण, गळ्यात माळ असलेला की हळद भरणारा, ते मला तेव्हाच कळलं.

माझा कर्मसिद्धांताशी वाद नाही, मी लहान माणूस आहे. पण दुसऱ्याच्या वेदनेचा हिशेब मांडायला तो वापरायचा नसतो, एवढं मला वाटतं. स्वतःच्या वेदनेला लावा खुशाल.

तशी दुसरी पळवाट म्हणजे एका दिवसाची पूजा. पोळा मला फार प्रिय आहे, गैरसमज करून घेऊ नका. पण म्हाताऱ्या बैलाचा प्रश्न पोळ्यानं सुटत नाही. 2015 साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. त्याच्या बाजूनं बोलणारे खूप आहेत, विरोधातही आहेत. मी गोठ्यातून बोलतो. ज्याच्याकडं दोन एकर कोरडवाहू आहे आणि घरात पोरीचं लग्न निघालंय, त्यानं कामाला न येणारा बैल वर्षानुवर्षं कशावर पोसायचा? विकता येईना, ठेवता येईना. रात्रीतून दूर कुठंतरी सोडून येतात. हायवेला ती जनावरं बसलेली असतात, ट्रक उडवतात, मग मला फोन. जीव वाचवायचं ठरवलं हे ठीक, पण कडबा कुणाच्या वाट्याचा, ते कुणी ठरवलं? शेतकऱ्याला शहाणपण शिकवायचं आणि वैरणीचं बिल त्याच्याच नावावर फाडायचं, हे मला पटत नाही. गावकीनं, सरकारनं, देवस्थानांनी, ज्यांच्या तोंडी गोमातेचं नाव आहे त्या सगळ्यांनी तो भार उचलला पाहिजे. 2013 च्या आणि 2019 च्या दुष्काळात छावण्या झाल्या, तेव्हा उचललाच होता ना? त्या छावण्यांत मी राहिलोय. माणसं घरदार सोडून जनावरांजवळ झोपत होती, महिनोन् महिने. एक म्हातारी गाईला टेकून बसायची, पाठीला पाठ लावून. मी विचारलं, आजी, घरी का जात नाही? म्हणाली, “हिला माझ्याबिगर झोप नाही, बाबा.” गाईला की तुम्हाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

आता पुन्हा कंधारकडं येतो, मग थांबतो.

माणक्या गेला त्याच्या पुढच्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, मी त्या गावात दुसऱ्याच एका कामानं गेलो होतो. वाटेत काकांचा गोठा. पाय अडखळले, पण गेलो आत. खांदेमळणी चालली होती. राघ्याच्या खांद्याला, जिथं जू बसतं तिथं, काका हळद आणि तूप चोळत होते. हळूहळू, अंगठ्यानं दाबून. एवढ्या वर्षांत तिथली कातडी जोड्याच्या तळासारखी झालेली असते. चोळून झालं तसे त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”

लहानपणापासून ऐकत आलोय मी हे वाक्य. ‘घ्या’, ‘या’. एरवी बैलाला शिव्या घालणारा माणूससुद्धा त्या दिवशी अहो-जाहो करतो. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की आवतण कुणाला देतात? भिंतीला देत नाहीत, नांगराला देत नाहीत. जो ऐकतो त्याला देतात.

मी काकांना म्हणालो, “काका, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. दहावं घालायला पाहिजे होतं.”

“घातलं की,” ते म्हणाले. “तुम्ही गेल्यावर दहाव्या दिशी घातलं. नदीवर.”

“मग? कावळा?”

“शिवला. जरा येळ लागला. राघ्याला काई कमी पडू देनार नाही मनलो, मंग शिवला.”

राघ्या गव्हाणीपुढं उभा होता. जोडीत तो कायम डावीकडं चालायचा. गव्हाण दोघांची, लांबलचक, दगडात बांधलेली. वर्ष होत आलं होतं, सगळी गव्हाण त्याची एकट्याचीच होती, पण तो डाव्या कडेला अंग चोरून उभा होता, उजवीकडची जागा मोकळी सोडून. तुम्ही म्हणाल सवय आहे. मीही पशुवैद्य आहे, मलाही ते सुचलं. काकांनी कडब्याची पेंढी सोडली, अर्धी राघ्यापुढं टाकली, अर्धी उजवीकडं मोकळ्या जागेपुढं टाकली, आणि हात झटकून म्हणाले, “चला साहेब, च्या घेऊ.”